शंभर वेळा पडलो, तरी तुटलो नाही

मित्रांनो, मी एक जुने हेलिकॉप्टर आहे, पण माझ्यात कधी कोणी माणूस बसला नाही. माझी लांबी तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत. अंग लाल, शेपटी पांढरी, पोटाखाली दोन वाकडे पाय. रिमोटच्या दोन दांड्या अंगठ्यांनी हलवल्या की उडणारे जे खेळणे असते, त्यांतलेच मी एक. माझी बाकीची भावंडे उडण्यासाठी बनवली गेली. मला मात्र पडण्यासाठी बाजूला काढले होते.

तुम्ही म्हणाल, पडायला कशाला हेलिकॉप्टर लागते? सांगतो.

माझा कारखाना म्हणजे पत्र्याचे छप्पर असलेली एक लांबलचक शेड होती. एका टोकाला प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारी यंत्रे होती, मधे जुळणी करणाऱ्या बायकांची टेबले होती आणि दुसऱ्या टोकाला काचेच्या दाराची चाचणीची खोली होती. साच्यातून मी दोन अर्ध्या तुकड्यांत बाहेर पडलो. जुळणीवाल्या बाईने माझ्या पोटात मोटार बसवली, शेपटीला छोटा पंखा लावला, स्क्रू आवळले आणि गालावरून हात फिरवावा तसा माझ्या काचेवरून अंगठा फिरवला. ती सगळ्यांनाच तसे करायची. मग रांगेतून मला उचलून ती म्हणाली, "हा घ्या, पाडायला."

माझ्या डोक्यावर, फिरत्या दांड्याच्या टोकाला, बोटाच्या पेराएवढी एक टोपी आहे. टोपीला दोन बाजूंना दोन कान आहेत आणि एकेका कानात एकेक पाते अडकवलेले असते. पुढे जे घडले ते यांतल्या एका कानामुळे घडले, म्हणून एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

चाचणीच्या खोलीत दोन माणसे काम करायची. एक मावशी. साऱ्या कारखान्याची ती मावशी होती, अगदी साहेबसुद्धा तिला मावशीच म्हणायचे. पन्नाशी ओलांडलेली, जाड भिंगाचा चष्मा, निळा एप्रन आणि एप्रनच्या खिशात भिंग, चिमटा, स्क्रू-ड्रायव्हर असा सगळा संसार. दुसरा होता उडवणारा. त्याला सगळे 'वैमानिक' म्हणून चिडवायचे. हा वैमानिक मावशीचा जावई होता. घरी ती त्याला "अहो जावईबापू, अजून एक पोळी घ्या" म्हणायची म्हणे, आणि इथे खोलीचे दार लागले की "अरे, डोळे फुटले का तुझे? गालिच्यावर पाडायचं होतं, फरशीवर नाही!" तोही घरी तिला 'आई' म्हणे आणि इथे 'मावशी'. जुळणीवाल्या बायका या गोष्टीवर रोज हसायच्या.

त्यांचे काम असे. भिंतीवर उंचीच्या रेघा आखलेल्या होत्या, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, खांद्याएवढी, छताएवढी. खाली जमिनीचे तीन भाग होते, एक सिमेंटचा, एक गुळगुळीत फरशीचा, एक गालिच्याचा. वैमानिक डोळ्यांवर जाड प्लास्टिकचा चष्मा चढवून मला उडवायचा आणि सांगितलेल्या रेघेवर पोचलो की मला पाडायचा. कधी पोटावर, कधी नाकावर, कधी कुशीवर. मग मावशी मला उचलून भिंगाखाली धरायची, तपासायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर एक खूण करायची. मुले आपली खेळणी कशी कशी पाडतात ते आधी आपणच पाडून बघायचे, म्हणजे कुठे कच्चे आहे ते कळते. काम शहाणपणाचे होते. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

माझ्याआधी सहा जण त्या खोलीत आले होते. पहिल्याची शेपटी चौथ्या पडण्यालाच मोडली, म्हणून शेपटीचे प्लास्टिक लवचीक केले गेले. दुसऱ्याचे पाय गेले, म्हणून पाय मऊ झाले. कुणाची काच तडकली, कुणाची बॅटरी निसटली. जो तुटला त्याच्यामुळे पुढच्याचे काहीतरी सुधारले. त्या सहा जणांचे शहाणपण अंगात घेऊन सातवा मी आलो, आणि मी तुटेचना.

दहा वेळा पडलो. वीस वेळा. चाळीस वेळा. वैमानिक मला उचलताना म्हणायचा, "मावशी, हा पठ्ठ्या काही ऐकत नाही!" मला फार बरे वाटायचे. साहेब रोज दारातून डोकावून विचारायचे, "कितवा?" आकडा ऐकला की हात चोळत निघून जायचे. साहेब वाईट माणूस नव्हते. दुपारी कुणी नसले की ते स्वतः रिमोट हातात घेऊन मला खोलीभर फिरवायचे आणि मी भिंतीला धडकलो की लहान पोरासारखे जीभ चावायचे. माझ्या खोक्यावर काय छापायचे ते त्यांनीच लिहिले होते: 'शंभर वेळा पडा, तरी उडा!' हे त्यांना इतके आवडले होते की जेवताना ते दोनदा तरी म्हणून दाखवायचे.

एकसष्टाव्या वेळी मी खांद्याच्या रेघेवरून कुशीवर सिमेंटवर पडलो. पात्याचे टोक आधी टेकले आणि माझ्या डाव्या कानात, अगदी आतल्या बाजूला, काहीतरी सुटल्यासारखे झाले. दुखले असे म्हणता येणार नाही. आपल्याच घरात एक खिडकी उघडी राहिली आहे आणि कोणती ते सापडत नाही, तसे काहीसे वाटले.

मावशीने मला उचलले, भिंगाखाली फिरवले. काही दिसले नाही. तिने बोटाने माझे पाते हळूच वर-खाली केले, आणि थांबली. मला कानाशी नेऊन तिने पुन्हा तसेच केले.

"अरे, इकडे ये. ऐक."

वैमानिकाने कान लावला. "काय?"

"कट् असं वाजतंय. बारीक."

"मला नाही आलं ऐकू, मावशी. तुम्ही सकाळपासून खोलीत आहात, कान बधिरले असतील."

"माझे कान बधिरत नाहीत," मावशी म्हणाली, आणि साहेबांना बोलावून आणले.

साहेबांनी मला भिंगाखाली धरले, उलटे केले, सुलटे केले. "कुठंय तडा?"

"दिसत नाही. आतून आहे. वाजतोय."

"मावशी, तक्त्यात 'दिसलेले दोष' असा रकाना आहे. वाजलेल्या दोषांचा रकाना कुठाय?" ते हसले. चिडून नाही, लाडानेच हसले. "आपण असं करू, पुढं चालू ठेवू. दोष असेल तर तुटेलच की तो. तुटला की थांबवू."

बोलणे कुणालाही पटावे असेच होते. मावशीलाही पटले.

मित्रांनो, माझी खरी परीक्षा तिथून सुरू झाली. मला ठाऊक होते की मावशी म्हणते ते बरोबर आहे. तो तडा माझ्या अंगात होता. प्रत्येक पडण्यागणिक तो केसाएवढा पुढे सरकत होता आणि मला तो सरकताना कळत होता. पण मला तोंड नाही. मला एकच बोली येत होती, मोडण्याची. मी मोडलो असतो तर सगळ्यांना कळले असते. म्हणून बासष्टाव्या पडण्यापासून मी दर वेळी मनात म्हणायचो, आता तुटू दे. सत्तराव्याला म्हटले. पंच्याऐंशीव्याला म्हटले. छताच्या रेघेवरून नाकावर पडलो तेव्हा तर वाटले, झाले, सुटलो. पण मला बनवणाऱ्यांनी मला इतके चिवट बनवले होते की तुटणे माझ्या हातात उरले नव्हते. पडायचो, उचलला जायचो, पाती फिरू लागायची. रिमोटची दांडी वर गेली की मी वर. माझ्या मर्जीला कोण विचारतो?

शंभरावे पडणे झाले तेव्हा सगळी शेड काचेच्या दाराशी गोळा झाली होती. टाळ्या झाल्या. मला एका स्टुलावर ठेवून माझा फोटो काढला गेला. जुळणीवाली बाई म्हणाली, "माझ्या हातचा आहे हो तो!" इतके कौतुक मला कधी मिळाले नव्हते आणि मला कुठे तोंड लपवावे ते कळत नव्हते.

संध्याकाळी तक्त्यावर सही करायची होती. साठ खोकी भरून तयार होती, गाडी दारात उभी होती. मावशीने लिहिले, 'शंभर पडणी पूर्ण. दिसलेला दोष नाही.' मग खाली ती आणखी काहीतरी लिहू लागली. 'डाव्या कानात' एवढेच दोन शब्द झाले असतील.

साहेब म्हणाले, "मावशी."

"एक ओळ लिहिते फक्त."

"ती ओळ वाचून वरचे लोक मला विचारतील, तडा दाखवा. मी काय दाखवू? तुमचा कान?"

मावशीने जावयाकडे पाहिले. तो चष्मा पुसत उभा होता. त्याला मनापासून वाटत होते तेच तो बोलला. "मावशी, शंभर वेळा पडला तो. आता अजून काय दाखवायचं त्यानं?"

 मावशीने ते दोन शब्द खोडले, सही केली आणि पेनाचे टोपण लावले. टोपण लागल्याचाही आवाज झाला. गाडी निघून गेली.

चार दिवसांनी कारखान्याच्या उपाहारगृहात खेळण्यांच्या दुकानदारांना बोलावले होते. टेबले भिंतीला लावून मधे जागा केली होती आणि चारी बाजूंनी खुर्च्या. साहेबांची इच्छा अशी की नवे हेलिकॉप्टर नको, शंभर वेळा पडलेलेच सगळ्यांसमोर उडवायचे. वैमानिकाने सवयीप्रमाणे खिशातून जाड चष्मा काढला तसे साहेब हळूच म्हणाले, "आज तेवढा राहू दे. मुलांचं खेळणं उडवायला चष्मा कशाला लागतो, असं विचारतील ना लोक."

वैमानिकाने चष्मा परत खिशात ठेवला.

त्याने मला तीनदा पाडले. तिन्ही वेळा दुकानदार 'अरे वा' म्हणाले. चौथ्यांदा मी वर चढत होतो, त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर आलो होतो, तेव्हा माझा डावा कान गेला. त्या शंभर पडण्यांत जे झाले असते तर मी आनंदाने उडी मारली असती, ते त्या एका क्षणी झाले. पाते सुटले. कुठे जात आहे ते मला दिसत होते. एकाच पात्यावर भेलकांडत मी खाली पडलो आणि पडतापडता पाहिले की वैमानिकाचा अंगठा अजून दांडीवरच आहे आणि दुसरा हात डोळ्यावर गेला आहे.

तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "आई, बघा ना जरा, काय झालंय."

कारखान्यात त्याने तिला आई म्हटलेले सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकले. त्या दिवशी कुणी हसले नाही.

गडबडीत मावशीने जमिनीवरून मला उचलून एप्रनच्या खिशात कोंबले. का, ते तिलाही सांगता आले नसते. अशा तऱ्हेने, शेपटी खिशाबाहेर काढून, मी डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो. तिथल्या लांब व्हरांड्यात लोखंडी बाकांची रांग होती. मावशी एका बाकावर बसली. थोड्या वेळाने तिची लेक धावत आली. शाळेत शिकवायची ती. बोटांना खडू तसाच होता.

"आई! काय लागलं त्यांना?"

"पातं सुटलं."

"कसं सुटेल? शंभर वेळा पडलं तरी काही होत नाही, असं तूच सांगितलं होतंस ना घरी?"

मावशी खाली बघत होती. "मला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "आतून वाजत होतं ते."

लेकीला आधी कळलेच नाही. मग कळले. "मग?" एवढा एकच शब्द ती बोलली.

 मावशीचा हात खिशात आला आणि माझ्या मोडक्या टोपीवर घट्ट मिटला. मला वाटले, आता तरी मला बोलता यावे. निदान एवढे तरी सांगता यावे की हिने ऐकले होते, हिने लिहायला घेतले होते. पण ते खोडले होते हेही मला सांगावे लागले असते.

डॉक्टर बाहेर आले. "डोळा वाचलाय," ते म्हणाले. "नजर किती राहील ते महिन्याभरानं सांगता येईल. आज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी थेट साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांना रात्रभर झोप लागलेली दिसत नव्हती. तिने मला टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "साठ खोकी परत बोलवा."

"मावशी, मी काल दवाखान्यात येऊन बसलो होतो. मला काय वाटतंय ते माझं मलाच ठाऊक. पण हा शंभर वेळा पडलेला होता. दुकानातली नवी आहेत. एका अपघातावरून…"

"भिंग घ्या," मावशी म्हणाली.

तिने चिमट्याने माझ्या डाव्या कानाचा मोडका तुकडा धरला. आता जखम उघडी होती, जे आत होते ते बाहेर आले होते. "नीट बघा. दोन रंग दिसतात का?"

साहेबांनी पाहिले. तुकड्याच्या मोडलेल्या कडेचा थोडा भाग पांढराशुभ्र होता. उरलेला मोठा भाग मळकट, करडा, तेलाने माखलेला.

"पांढरं ते काल तुटलंय," मावशी म्हणाली. "करडं ते जुनं. आत तडा होता, त्यात दांड्याचं तेल झिरपत गेलं. एकसष्टाव्या पडण्यापासून. मी ऐकला तो हाच. बाकीच्यांचे कानही याच साच्यातले आहेत. मुलं शंभर वेळा पाडतील, कारण तुम्हीच खोक्यावर सांगितलंय."

साहेब खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा का नाही अडून बसलात, मावशी?"

"तेच मला काल लेकीनं विचारलं," ती म्हणाली. "माझं नाव घाला. सही माझी आहे. पण आधी फोन करा."

साहेबांनी फोन केला. एकामागून एक, दुपारपर्यंत. नंतरच्या आठवड्यात गाड्या परत येऊ लागल्या. साच्यात कान जाड केले गेले, त्यात धातूची कडी बसवली गेली, आणि साहेबांनी खोक्यावरची ती ओळ स्वतः काळ्या शाईने मारून टाकली. तरीही ती वाचता येत होती, म्हणून खोकीच नवी केली.

महिन्याने डॉक्टरांनी सांगितले. वैमानिकाच्या डाव्या डोळ्याला आता उजेड आणि सावली एवढेच कळते. एका डोळ्याने माणूस बघू शकतो, पण समोरची वस्तू किती लांब आहे हे त्याला नीट उमगत नाही. चहाचा कप घ्यायला हात पुढे करतो तर हात बोटभर अलीकडेच थांबतो. मग हसून पुन्हा करतो. हेलिकॉप्टर उडवण्याचे काम संपले. तो आता माल भरण्याच्या विभागात खोक्यांना पट्ट्या लावतो.

एकदा तो चाचणीच्या खोलीत आला होता. मी कपाटात होतो, कडेला चिठ्ठी बांधलेली.

"मावशी, मीच म्हटलं होतं ना, अजून काय दाखवायचं त्यानं?"

"सही माझी होती," मावशी म्हणाली. तिने त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, हाताला धरून बसवले नाही, फक्त खुर्ची त्याच्या उजव्या बाजूला येईल अशी ठेवली.  मी पाहत होतो. पाहण्याशिवाय मी दुसरे काय करू शकतो?

मित्रांनो, आता ज्यासाठी हे सगळे सांगायला बसलो ते ऐका. साठ खोकी गेली होती. परत आली अठ्ठावन्न. दोन खोकी एका दुकानातून आधीच विकली गेली होती. दुकानदाराला एवढेच आठवते की एक कुणा आजोबांनी नातीसाठी नेले. दुसरे कुणी नेले ते आठवत नाही. साहेबांनी दुकानाच्या दारावर सूचना लावली. मावशी सुटीच्या दिवशी जाऊन तिथे उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते. अजून कुणी आलेले नाही.

मला चालता येत नाही, हाक मारता येत नाही. त्या दोन घरांत माझी दोन भावंडे आहेत. लाल अंग, पांढरी शेपटी, टोपीचे कान पातळ, त्यांत धातूची कडी नाही. तुम्ही ती भिंतीवर आपटत असाल, गच्चीवरून पाडत असाल आणि घरात सगळ्यांना सांगत असाल की आमचे हेलिकॉप्टर भारी आहे, कितीही पडले तरी त्याला काही होत नाही.

ते खरेच भारी आहे. त्याला काही झाले तरी ते तुम्हाला सांगणार नाही. ते तुमच्याकडे असेल, तर आज उडवू नका. त्याच्या पात्याला बोट लावून हळूच वर-खाली करा आणि घरातल्या मोठ्या माणसालाही कान लावायला सांगा. काहीच ऐकू आले नाही, तरीसुद्धा उडवू नका.